धुरीच्या कोठडीपाशी पोपट

निरोगी पोपट दांडीवर स्वस्थ बसला की त्याची शेपटी हलत नाही. श्वास छातीतल्या छातीत चालतो, शेपटीच्या टोकापर्यंत पोचत नाही. कौतिकच्या पिंजऱ्यातल्या मोठ्या पहाडी पोपटाची शेपटी स्थिर होती. वच्छलाने ती बराच वेळ पाहिली. नाकपुड्या कोरड्या होत्या. पापण्या सुजलेल्या नव्हत्या.

"पोपट पाह्यतेस का त्याची पत्रिका?" तिच्या सासूबाई, भिकुबाई, मागून म्हणाल्या. "आवर व माय. ऊन चढलं."

कौतिक दर बाजाराला सातपुड्याकडची पाखरं घेऊन जळगावात बसायचा. त्याच्यापुढे तीन पिंजरे होते. एकात हा पहाडी, दुसऱ्यात गळ्याला गुलाबी कंठ असलेला साधा पोपट, तिसऱ्यात जांभळट डोक्याची लहान जोडी.

"अक्का, बोलणारा पाहिजे का दिसणारा?" त्याने विचारलं.

"बोलनारा," भिकुबाई म्हणाल्या. "घरात एक मुकी हाये. तिची कसर भरून काढाची हाये."

"मंग हाऊ पहाडीच घ्या. बठ्ठा गल्लीले हाका मारी."

"हिलेच निवडू दे." भिकुबाईंनी आवाज चढवला, शेजारच्या कांदेवालीला ऐकू जाईल इतका. "दोन पोपट खाल्ले हिनं. आता तिसरा हिच्याच हातानं घरात येऊ दे. मेला तं नाव कोनाचं घ्यायचं, ते सगळ्यायले ठाऊक राहीन."

कांदेवालीने वच्छलाकडे वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. वच्छलाचे यजमान लीलाधर चार पावलांवर उभे होते. त्यांच्या बोटाला धरून लहानगी कुंदा उभी होती. त्यांनी ऐकलं आणि ते कुंदाला कलिंगडं दाखवू लागले.

या पाटलांच्या घरचा केळीचा व्यापार होता. बरेचसे घड कच्चेच वॅगनमधून उत्तरेला जायचे. उरलेले गावात विकायला घरीच पिकवत. स्वयंपाकघरामागच्या कोठडीत घड रचायचे, दाराच्या फटी शेणामातीने लिंपायच्या आणि मडक्यात गोवऱ्या पेटवून तो धूर भोकातून आत सोडायचा. लिंपण कितीही नीट केलं तरी थोडा धूर बाहेर यायचाच. घरातल्यांना तो जाणवत नसे. भिकुबाई तर त्याला लक्ष्मीचा वास म्हणत.

पोपटाचा पिंजरा या कोठडीच्या दारापाशीच टांगलेला असायचा. पोपटाला केळी लागतात, केळी घरात हात लांबवला की मिळतात, तेव्हा पोपटाला याहून सोयीचं घर जळगावात दुसरं नाही, असा भिकुबाईंचा हिशेब होता. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तो अभिमानाने सांगत. पहिला पोपट धापा टाकू लागला तेव्हा वच्छलाने सांगितलं होतं की पक्ष्याचं फुप्फुस माणसाहून नाजूक असतं, पिंजरा बाहेरच्या ओट्यावर न्यावा. "बी.एस्सी. झाली म्हनून पाखराची नाडी पाहते," असं भिकुबाई म्हणाल्या. पोपट मेला. मग दुसरा आला, त्याचा पिंजराही त्याच खुंटीला लागला, आणि तोही गेला. दोन्ही वेळा दाणापाणी वच्छलाच करत होती. तेवढं पुरेसं होतं.

कोठडीच्या दुसऱ्या भिंतीला लागून कुंदा निजायची. धुरीच्या दिवसांत झोपेत तिच्या गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जायची. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, हिला धुरापासून दूर ठेवा. लीलाधर म्हणाले होते, "हंगाम होऊ दे, मग बघू." केळीला हंगाम नसतो हे त्यांना ठाऊक होतं. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हव्या होत्या. तिथल्या मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी दिवाळीतच विचारलं होतं, खोलीही देऊ केली होती. वच्छला त्यांना कळवते, कळवते म्हणत आली होती.

"कोनता?" भिकुबाईंनी विचारलं.

"हा पहाडी उत्तम आहे, आत्याबाई. पण पिंजरा कुठे टांगायचा?"

"जिथं टांगतो तिथं."

"मग हा नको."

"मंग ती जोडी?"

"तीही नको. तिथे कुठलाच पोपट जगणार नाही."

"ऐकलं का रे लीलाधर? माह्या घरात पोपट जगत नही. मी जगली, तुहा बाप जगला, तू जगला. पोपट तेवढा नवाबाच्या पोटचा!"

कौतिक हसला. लीलाधर पुढे आले. "वच्छला, बाजारात तमाशा नको," ते हळू म्हणाले आणि त्यांनी पहाडीचा पिंजरा उचलला.

घरी आल्यावर भिकुबाईंनी तो स्वतःच्या हाताने खुंटीला लावला. परसात गडी जीवराम गोवऱ्या फोडत होता. सकाळीच नवे घड आले होते, कोठडी भरून लिंपून तयार होती. वच्छलाने पिंजरा काढला आणि बाहेर ओट्यावर नेऊन टांगला. भिकुबाईंनी तो परत आणला. वच्छलाने पुन्हा नेला. तिसऱ्या खेपेला दोघींचे हात एकदमच कडीवर पडले. पोपट तारांना पंख आपटत ओरडत होता आणि पाण्याची वाटी दोघींच्या लुगड्यांवर सांडली.

"सोड."

"धुरी दोन दिवस थांबवा, मग टांगा."

"पाखरासाठी धंदा थांबवू? तुह्या सासऱ्यानं थांबवला होता का कधी?" भिकुबाईंनी पिंजरा हिसकला. "जीवराम! पेटव रे."

जीवरामने लीलाधरांकडे पाहिलं. लीलाधर म्हणाले, "पेटव." मग वच्छलाकडे वळून, "एका पिंजऱ्यासाठी किती ताणायचं? आईचं वय बघ."

मडक्यातून पहिला धूर निघाला. आतल्या खोलीत कुंदा खोकली. दम लागून पुन्हा खोकली.

"आता पोरीले शिकोलं वाटते खोकाले," भिकुबाई म्हणाल्या. "मायचाच गुन."

वच्छलाने कडीवरचा हात काढला. वर्षभर आपण या घराशी पाखरांवरूनच भांडतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. पाखरासाठी भांडणं सोपं होतं. हरलं तर पाखरू मरायचं.

"टांगा," ती म्हणाली.

भिकुबाईंनी जिंकल्याच्या घाईने पिंजरा खुंटीला अडकवला. "आली ताळ्यावर. एवढी माया येते तं त्याच्यापाशीच नीज."

वच्छला आत गेली आणि कुंदाला कडेवर घेऊन आली. मुलीने तोंड आईच्या खांद्यात खुपसलं होतं. मधल्या दारात ती लीलाधरांसमोर थांबली.

"हंगाम संपेपर्यंत..." त्यांनी सुरुवात केली.

"सोमवारच्या एस.टी.ने मी कुंदाला घेऊन धुळ्याला चालले आहे," ती म्हणाली. "शाळेची नोकरी मी घेते आहे, आणि ही कोठडी आहे तोवर कुंदा या घरात निजणार नाही."