अर्धी शिडी आणि सहा फुटांची रेघ

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धीच.

अख्खी होते तेव्हा मी चोवीस फूट होते. काय माझी ऐट! पारनेरजवळच्या आमच्या वस्तीवर माडीच्या पत्र्याला हात लावणारी मी एकटीच. माझा पाय भिंतीपासून सहा फुटांवर टेकवायचा, म्हणून घरच्या म्हाताऱ्यांनी फरशीवर रंगाची रेघ ओढली होती. तिथं मी कधी हलले नाही.

म्हातारे गेले आणि वाटणी झाली. आप्पासाहेब आणि काकासाहेब, दोघे भाऊ इरेला पेटलेले. भांडी वाटली, गाई वाटल्या, शेवटी करवत आणून मलाही मधोमध कापलं. अंगणात आडवी भिंत आली, बोलणं तुटलं. पण बघा ना, वडिलांचं माप दोघांनीही मोडलं नाही. दोन्ही घरांत रेघ सहा फुटांवरच.

माझा हा अर्धा भाग काकासाहेबांकडे आला. मग एकदा ते टाकी धुवायला चढले. माझा पाय सरकला. ते पुन्हा उठलेच नाहीत.

त्यांची बायको राहीबाई म्हणायची, शिडीत त्यांचा जीव अडकलाय. मला गोठ्यामागे टाकलं. मलाही ते खरं वाटायचं. भिंतीपलीकडे माझा दुसरा अर्धा भाग करकरला की ते पडल्याचा धपकन आवाज माझ्या अंगात पुन्हा उठायचा.

यंदा त्यांची नात राजनंदिनी दहावीला गेली. त्रिकोणमिती शिकली आणि आजी ओरडत असताना टेप घेऊन सरळ माझ्याकडे आली. मला त्याच रेघेवर उभं केलं. शिडी म्हणजे कर्ण, बारा फूट. खालची फरशी म्हणजे लगतची बाजू, सहा फूट. सहा भागिले बारा, अर्धा. ज्याचा कोसाइन अर्धा, तो कोन साठ अंशांचा. हे तर तिला पाठच होतं. मी अख्खी असतानाचा कोन मोबाईलनं सांगितला, पंचाहत्तरच्या थोडा वर.

"आजी, भूत न्हाई. शिडी निम्मी झाली, रेघ तिथंच राहिली. लई कलती पडायची ती."

"मग पाय कुठं पायजे हुता?"

"तीन फुटांवर."

राहीबाई खालीच बसली. तेवढ्यात पलीकडे करकर सुरू झाली. आप्पासाहेबांचा मुलगा गोरक्ष टीव्हीची डिश नीट करायला चढत होता. माझ्या सगळ्या पायऱ्या गारठल्या.

राहीबाई उठली, पदर खोचला आणि भिंतीशी गेली. वाटणीपासून त्या बाजूला तिनं एक शब्द टाकला नव्हता.

"गोरक्षा, उतर बाबा खाली. शिडीचा पाय निम्म्यानं आत घे."

पलीकडे सगळं थांबलं.

"व्हय, काकी," तो म्हणाला, आणि फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला.

आता मी तीन फुटांवर उभी असते. तरी कुणी चढलं की अजून थरथरते. मित्रांनो, मला रंग नको, ऐट नको. मला लावाल तेव्हा आधी खालची बाजू मोजा, आणि एकानं माझा पाय धरून उभं राहा. काकासाहेब चढले तेव्हा खाली कुणीच नव्हतं.