बुधवारी बघतो

थोरलीला सहा महिन्यांच्या बोलीवर नोकरी मिळाली होती आणि त्यातले पाच उडून गेले होते. कायम व्हायचं तर महिनाअखेर एक ड्रायव्हर लिहून द्यायचा. आईने हे मोठ्या कौतुकाने शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, गाडी कुठली?

गाडी नव्हतीच. थोरलीच्या कंपनीत एका धिप्पाड कॉम्प्युटरच्या पोटात पन्नास खोटे कॉम्प्युटर चालायचे. प्रत्येकाची समजूत अशी, की आपण खरे आणि डिस्क आपली स्वतःची. ही गोड समजूत टिकवायचं काम ड्रायव्हरचं. खोटा म्हणणार 'हे ठेव', की ड्रायव्हर ते मुकाट्याने खऱ्या गोदामात नेऊन टाकणार. गोदामं दोन प्रकारची, म्हणून ड्रायव्हर दोन. आता तिसरं आलं होतं आणि थोरलीच्या गळ्यात पडलं होतं.

पहिल्या ड्रायव्हरचे मालक काका, कंपनीतले सगळ्यात जुने. दुसऱ्याचा मालक नवरदेव. तो रोज असा कडक इस्त्रीत यायचा, जणू जेवणाच्या सुट्टीत बोहल्यावर चढायचंय. दोघांनी तिला एकच सल्ला दिला: माझी फाईल उचल, नावं बदल, देऊन टाक.

थोरली म्हणाली, त्यापेक्षा सारखा भाग एकाच फाईलमध्ये ठेवू आणि तिन्ही ड्रायव्हरांनी तोच वापरायचा. दोघे असे दचकले, जणू तिने त्यांचा टूथब्रश मागितला. काकांचा ड्रायव्हर म्हणे मुळातूनच वेगळा, रक्त आटवून लिहिलेला. नवरदेवाचाही रक्त आटवूनच. ऑफिसात एवढं रक्त आटलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

तिने दोन्ही फाईली शेजारी-शेजारी लावल्या. चौदाशे ओळींत फरक निघाला साठ ओळींचा, त्यातल्या वीस तर रिकाम्याच. आणि डिस्कची नक्कल करण्याचं काम जिथे सुरू होतं, तिथे दोन्हींत एकच शेरा: 'शेवटचा तुकडा सुटतो. बुधवारी बघतो.'

तुकडा खरंच सुटत होता. नक्कल ठरावीक मापाच्या तुकड्यांनी व्हायची; डिस्कच्या आकाराला त्या मापाने नीट भाग गेला नाही, तर नकलेचं शेपूट गायब. यावर काका गिऱ्हाइकांना सांगायचे, आकार पूर्ण आकड्यात घ्या, बरं असतं. नवरदेव सांगायचा, परत एकदा करून बघा. असा बंदोबस्त गेली चार वर्षं चोख चालू होता.

बैठकीत तिने हे विभागप्रमुख मॅडमसमोर पडद्यावर लावलं आणि विचारलं, "बुधवारी कोण बघणार होतं?"

काकांनी नवरदेवाकडे पाहिलं, नवरदेवाने पंख्याकडे.

"बाळा, ते माझ्याही आधीचं असेल," काका म्हणाले.

"तुमच्या आधी कंपनी तरी होती का, काका?" नवरदेव फणकारला. "मी तर तुमचंच जसंच्या तसं उचललंय."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. कान लाल झाले, इस्त्री तेवढी जागच्या जागी राहिली.

मॅडमनी फर्मावलं, सामाईक फाईल करा, शेपूट एकदाच दुरुस्त करा आणि फाईल कोणाच्या नावावर ते आत्ता सांगा. ती एक फाईल बिघडली की तिन्ही ड्रायव्हर एकदम आडवे, हे दोघांना तत्क्षणी लख्ख दिसलं. काकांची पाठ दुखू लागली. नवरदेवाला फोन आला. फोन टेबलावर उपडा, गपगार पडला होता.

थोरली म्हणाली, "मी घेतली असती, मॅडम. पण फाईलवर कायम माणसाचंच नाव लागतं. मी पडले बोलीवरची."

"मग हिला आजच कायम करा," काका आणि नवरदेव एका सुरात म्हणाले. इतक्या कळकळीने त्यांनी आजवर कुणाचीच शिफारस केली नव्हती.

मॅडम हसल्या नाहीत, पण संध्याकाळी पत्र हातात पडलं. घरी आईने ते दोनदा वाचलं आणि काकूंकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी थोरली दहाला पोचली, तर शेपटाच्या अकरा जुन्या तक्रारी तिच्या नावावर चढवलेल्या होत्या. काका आणि नवरदेव सकाळी लवकर येऊन, शेजारी बसून, हे काम मिळून करत होते. बारावी चालू होती.