कमरखाचा रस पाण्यात धरायचा नाही

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे प्राध्यापक म्हणतात. शिकवत ते कुठेच नाहीत, टाइल्सच्या शोरूममध्ये सेल्समन आहेत. पण बाथरूमची फरशी बघायला आलेल्या माणसाला पोट साफ होण्याचे उपाय सांगितल्याशिवाय त्यांच्याच्याने राहवत नाही. गिऱ्हाइकं फरशी दुसरीकडून घेतात आणि उपाय आमच्याकडून नेतात.

आमच्या मागच्या अंगणात कमरखाचं झाड आहे. पाच कडांचं पिवळं, आंबट फळ. वर्षानुवर्षं ती फळं पडायची, सडायची, मी झाडून टाकायची. कुणी ढुंकून बघत नव्हतं. मग प्राध्यापकांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि आमचं नशीब फिरलं.

"वहिनी, सोनं आहे हे, सोनं! आणि आपण तुडवतोय!"

"तुम्ही तुडवता भावजी, मी झाडते," मी म्हटलं.

त्यांनी फळ आडवं कापून मला चांदणी दाखवली, जशी काही ती त्यांनीच आत बसवली होती. सी जीवनसत्त्व, चोथा, कमी साखर. रक्तदाब, वजन, त्वचा, केस! स्वतःच्या टकलावर त्यांनी अजून प्रयोग केला नव्हता, पण तो विषय कुणी काढायचा? मिक्सर सकाळपासून घरघरायला लागला. शोरूममध्ये बाटल्या गेल्या. माझ्या नवऱ्याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि "छान आहे" म्हणून ऑफिसला पळाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला इतक्या झपाट्याने ऑफिसला जाताना मी पाहिलं नव्हतं.

आता बाबांचं सांगते. बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले. हल्ली त्यांच्या किडन्यांनी राजीनामा दिलाय, आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. डॉक्टरांनी पाणी बांधून दिलंय. दिवसाला एक बाटली, त्यातच चहा, दूध, पातळ भाजी सगळं आलं. बाटली माझ्या ताब्यात. मी शिवणकाम करते, मापात इकडचं तिकडे मला खपत नाही. स्टीलच्या मोठ्या पेल्यात मोजून चार घोट ओतायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे. बाबा पेल्यात डोकावून म्हणायचे, "सूनबाई, तळ दिसतोय."

"दिसू दे की. घासलेला आहे," मी म्हणायची. मला वाटायचं मी फार विनोदी आहे.

काय खायचं नाही ते आम्हाला पाठ होतं. केळं नाही, नारळपाणी नाही, संत्र्याचा रस नाही. कमरखाचं नाव डॉक्टरांनी घेतलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. जे फळ कुणी खातच नाही, त्याचं कोण कशाला विचारेल?

रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत मशीनवर बसले होते. आतून उचकीचा आवाज आला. मग दुसरी, मग लागोपाठ. बाबा खुर्चीत बसल्या जागी उडत होते.

"कोण एवढी आठवण काढतंय बाबा?" मी विचारलं.

झालं, सगळं घर कामाला लागलं. नाव बरोबर निघालं की उचकी थांबते ना! नवरा म्हणाला, आत्या असेल. बाबांनी आत्याचं नाव घेतलं, उचकी चालूच. मी म्हटलं, पेन्शन ऑफिसातला साहेब.

"त्याने माझी... उक्... आठवण काढली असती तर... उक्... पेन्शन नसती का वाढली?"

आम्ही पोट धरून हसलो. देवा, किती हसलो!

तेवढ्यात प्राध्यापक स्वयंपाकघरातून काठोकाठ भरलेला पेला घेऊन आले. "बाबा, रस घ्या, लगेच थांबेल."

"अहो भावजी, पाणी मोजून असतं त्यांचं!"

"वहिनी, हे पाणी नाही, औषध आहे. हे पाण्यात धरायचं नाही."

मी उठेपर्यंत पेला रिकामा झाला होता. बाबांनी शेवटच्या थेंबासाठी तो उलटा धरला. उचकी काही थांबली नाही. आम्ही पुन्हा नावं शोधायला बसलो. मग बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि अदबीने विचारलं, "बाई, काटा आणलाय का तुम्ही? ठेवून जा, उद्या देतो."

माझं हसू तिथेच आटलं. मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सकाळपासूनचं सगळं सांगितलं. प्राध्यापक पुढे झाले. त्यांना वाटलं, आता कुठे बरोबरीचं माणूस भेटलं. "आणि कमरखाचा रस. गेले चार दिवस रोज एक पेला, वहिनी मशीनवर बसल्या की. आज दोन. सी जीवनसत्त्व, डॉक्टर, शिवाय..."

"कमरख?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "किडनीच्या पेशंटला? त्यातलं विष यांच्या किडन्या बाहेर टाकू शकत नाहीत. ते थेट मेंदूवर जातं. उचकी ही पहिली खूण असते." त्यांनी मागे वळून डायलिसिसचं मशीन लावायला सांगितलं.

"पण फळ तर चांगलं..." प्राध्यापक पुटपुटले.

"चांगलंच आहे. तुम्ही खा."

बाहेरच्या बाकावर मी त्यांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ते गुडघ्यांत डोकं घालून रडत होते. मला दया आली नाही. बाबांना काही झालं असतं तर मी त्यांना जन्मात माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबा भानावर आले. मी जवळ गेले.

"बाबा, भावजींचं सोडा. पण तुम्हाला कळत नव्हतं? रस म्हणजे पाणीच की."

"जन्मभर काटे तपासले मी," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मला कळणार नाही?"

"मग?"

"पेला भरलेला होता गं." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घासलेल्या तळाचा माझा विनोद मला तिथे उभ्या उभ्या टोचला.

बाबा घरी आले. प्राध्यापक महिनाभर गप्प राहतील असं मला वाटलं होतं, पण परवा शोरूममध्ये ते कुणालातरी पपईच्या पानांबद्दल सांगत होते म्हणे. मी मिक्सरचं भांडं कपाटात घालून कुलूप लावलंय, किल्ली माझ्या कमरेला असते.

आणि बाजारातून एक पेला आणलाय, बोटभर उंचीचा, खेळण्यातला वाटावा असा. सकाळी बाटलीतून नेहमीचेच चार घोट मोजून त्यात ओतले. काठोकाठ भरला. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून नेला.

बाबांनी तो नाकासमोर धरून काट्यासारखा निरखला.

"माप तेच आहे," ते म्हणाले.

"हो बाबा."

"हं," म्हणाले, आणि घोट घोट करत सावकाश प्यायले.