अंघोळीचं पाणी

वेलीच्या खड्ड्यात राखेवर हिरवं काही दिसलं तशी इदाइराने पावलं उचलली. ते तिच्याआधी तिच्या दिराने पाहिलं होतं.

"वहिनी, भाजीचा मळा लावलात की काय?" फेर्मीन खड्ड्याच्या काठावरून ओरडला. "बाबा, या, या! तुमच्या सुनेची शेती बघा!"

काळ्या राखेत घोळीची चार जाड पानं तकतकत होती. लान्सारोते बेटाच्या या उतारावर ज्वालामुखीच्या राखेतून द्राक्षवेलीखेरीज काही वर येत नाही. एकेक वेल आपापल्या खड्ड्यात, दगडांच्या अर्धगोल भिंतीआड अंग चोरून बसते आणि राखेने टिपलेल्या दवावर जगते. तिला कुणी पाणी घालत नाही. घातलंच, तर ते असं चव्हाट्यावर येतं.

इदाइराने कडेवरच्या लेकीची, नोएलियाची, टोपी पुढे ओढली. पोरगी उन्हाने लाल झाली होती. तापली तर नाही ना, म्हणून तिने गालाला गाल लावून पाहिला.

नवरा एलोई मासेमारी जहाजावर गेल्यापासून हा उतार तीच बघत होती. वेचणी झाली की उतार कुणाच्या हाती द्यायचा ते सांगेन, असं सासऱ्यांनी, माकारिओंनी, सगळ्यांदेखत सांगितलं होतं. फेर्मीनला खड्डे बुजवून, सरळ चर खणून ट्रॅक्टर घालायचा होता. ती चुकायची तो वाटच पाहत होता.

माकारिओ खड्ड्यात उतरले. गुडघे टेकून त्यांनी हाताने राख बाजूला केली. मातीच्या वरच्या थरातच पांढरीशुभ्र मुळं पसरली होती, शेवयांसारखी.

"काय घातलंस?"

"नोएलियाच्या अंघोळीचं पाणी." तिचा आवाज बसला होता. "जूनमध्ये पूर्वेचा गरम वारा आला तेव्हा. घराजवळच्या ओळीलाच. पानं माना टाकत होती बाबा, नुसतं बघवेना."

"बघवेना!" फेर्मीन हसला. "कॉलेजात शिकलेली बाई. झाडाला बाळ समजली!"

"तू गप." माकारिओंनी तिच्या वेलीचा एक मणी तोडून तिच्यापुढे धरला. "खा."

मणी फुगलेला होता. दाताखाली फुटला आणि नुसतं गोडसर पाणी तोंडात आलं. त्यांनी वरच्या ओळीतला, कधी पाणी न मिळालेला मणी आणून दिला. तो बारीक, जाड सालीचा होता. आधी आंबट लागला, मग गोड, आणि शेवटी जिभेवर खारा चटका राहिला, समुद्राकडून वारा आल्यावर ओठांवर राहतो तसा.

"आपल्या वाइनला लोक नावाजतात ते याच्यासाठी," माकारिओ म्हणाले. "तहानेने वेल खाली जाते. खाली काय आहे ते तिचं तीच शोधते. तू तिला वर बोलावलंस. आता वाऱ्यात वरची माती भाजली की ती मरेल. तुझ्या मायेनं मरेल."

इदाइराचे कान तापले. इतकं लावून तर सासूही तिला कधी बोलली नव्हती.

"म्हणूनच म्हणतो, मला द्या," फेर्मीन लगेच पुढे सरसावला. "चर खणतो, नळ्या टाकतो..."

"नळ्यांतून काय येणार भावजी, वारा?" इदाइरा फटकन म्हणाली. "मी बादलीने घातलं तर पाप, आणि तुम्ही नळीने घातलं तर शेती?"

माकारिओंनी दोघांकडे सारख्याच तिरस्काराने पाहिलं. मग कमरेचा छाटणीचा चाकू काढून राखेवर टाकला.

"वरची मुळं काप. हे काम थंडीतलं, पण तेवढा वेळ नाही. आत्ता कापलीस तर यंदाचे घड जातील. नाही कापलीस तर वेल जाईल. आणि जगली नाही, तर उतार त्याचा."

इदाइराने नोएलियाला भिंतीच्या सावलीत बसवलं. पोरीने हात वर करून भोकाड पसरलं. इदाइराने चाकू उचलला आणि पाठ वळवली. मुळं करकर कापली जात होती. पोरगी रडता रडता थांबे, दम घेई, पुन्हा सुरू होई. मागे वळायचं नाही म्हणून इदाइराने ओठ इतका दाबला की तोंडात रक्ताची चव आली.

"आई म्हणे!" फेर्मीन पुटपुटला. ती चाकू घेऊन पुढच्या खड्ड्यात उतरली.

ऑगस्टच्या अखेरीस वरच्या ओळींची वेचणी उरकली आणि पूर्वेचा वारा आला, आफ्रिकेची तांबूस धूळ घेऊन. दारंखिडक्या लावून इदाइरा नोएलियाच्या तोंडावर ओला पंचा धरून बसली. वारा पडला तेव्हा घराजवळच्या ओळीत घडांच्या जागी सुकून चुरगळलेले मणी लोंबत होते. फेर्मीन आधीच तिथे उभा होता, आणि माकारिओही.

"मेली," फेर्मीन आनंदाने म्हणाला.

इदाइराने खोडाची साल नखाने खरवडली. आत हिरवं होतं. पुढच्या खड्ड्यात उतरली, तिथेही हिरवं. तिसऱ्यातही.

माकारिओंनी स्वतः नख लावून पाहिलं. "पुढल्या वेचणीपर्यंत तुझ्याकडे," एवढंच बोलून ते चालू लागले. शाबासकी नाही, काही नाही.

फेर्मीन मात्र हलला नाही. "परत पाणी घालाल. तुमचा स्वभावच तसा. मी लक्ष ठेवणार आहे."

इदाइरा घरात गेली. नोएलियाच्या अंघोळीच्या पाण्याची भरली बादली उचलून आणली आणि त्याच्या पायांपाशी, वेलींना सोडून वाटेवरच, पार रिकामी केली. त्याचे बूट भिजले.

"ठेवा लक्ष," ती म्हणाली.