बोलून सोडवलेलं गणित

मे महिन्यातलं मेम्फिस, पाठीवर घामाच्या धारा, तरी टालियाचे हात गार पडलेले. हॅडली सरांनी प्रिन्सिपॉलबाईंच्या टेबलावर दोन पेपर आपटले. एक तिचा, एक डेझमंडचा. वरच्या गणिताच्या वर्गात काळी पोरं ही दोनच. आणि सगळ्यात जास्त मार्क ह्या दोघांनाच.

"पायरी न् पायरी सारखी," सर म्हणाले. "वर समासात दोघांनीही लिहिलंय, 'उत्तर समीकरणात परत घाल, जमलं.' हे मी शिकवलेलं नाही. कोणी कोणाचं बघितलं?"

"कोणीच नाही," टालिया म्हणाली.

"मग दोघंही वर्गाबाहेर."

वर्ग गेला की इंजिनिअरिंगचं नाव सोडायचं, हे टालियाला कुणी सांगायला नको होतं.

पोरांच्या बाजूनं बोलायला आलेल्या मिस ओडेल कोपऱ्यातनं उठल्या. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायच्या त्या. "आमच्यात पास्टरनं हाक दिली की सगळे साद देतात. खाली गणितही तसंच. एकानं पायरी विचारायची, बाकीच्यांनी ओरडून सांगायची. एका तोंडानं शिकलेली पोरं वेगवेगळं कसं लिहितील?"

"गणित आहे बाई, भजन नाही."

प्रिन्सिपॉल ग्रीअरबाईंनी डेझमंडला बाहेर बसवलं न् फळ्यावर नवं गणित लिहिलं. "सोडव."

टालियानं फळ्याला पेन टेकवलं. ते तिथंच राहिलं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. डोकं कोरं.

"बघितलंत?" सर म्हणाले.

"बोल की गं पोरी!" मिस ओडेल.

"ह्या खुणा करताहेत!"

"मी जांभई दिली तरी म्हणाल उत्तर सांगितलं!"

"मिस ओडेल, बाहेर थांबा," ग्रीअरबाई म्हणाल्या. दार लागलं.

"पहिल्यांदा काय करायचं?" टालियानं फळ्यालाच विचारलं. तळघरात एव्हाना छत हाललं असतं. इथं कोण बोलणार? मग तिची तीच ओरडली, "सगळं एका बाजूला!" सर दचकले. "आता काय? फोड करायची!"

उत्तर आलं. तिनं ते समीकरणात परत घातलं. जमलं नाही.

सर पुढं झुकले. खालनं वर, एकेक पायरी टालियानं मोठ्यानं म्हटली. मधेच थांबली. वजाचं चिन्ह राहिलं होतं! तळहातानंच पुसलं, पुन्हा मांडलं, परत घातलं.

"जमलं!"

मग डेझमंड आला. त्याला दुसरं गणित. पेन उचलायच्या आधीच पठ्ठ्या गरजला, "पहिल्यांदा काय करायचं?" ग्रीअरबाईंनी हसू दाबलं. त्याचंही जमलं.

सरांनी दोन्ही पेपर टेबलावरनं उचलले. "मार्क राहतील. वर्गही." मग टालियाला म्हणाले, "माझ्या तासाला तर तू कधी तोंड उघडलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत, सर?"

टालियानं खुर्ची ओढली न् मटकन बसली.