कोरडी राहिलेली फांदी

"ही पण गेली!" संशोधक मॅडमने कुंडी ट्रेमध्ये पालथी केली आणि मातीतून चिमट्याने एक बी उचलली. जरा दाबताच तिचा चिखल झाला. "सव्वीस बिया पेरल्या, मावशी. सव्वीसच्या सव्वीस कुजल्या."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खळमावशी एका वाळक्या फांदीला खळ लावत होती. वनस्पतिसंग्रहालयात एकतीस वर्षं तिचं हेच काम. वाळवलेल्या फांद्या जाड कागदावर चिकटवायच्या, देठाला बारीक टाका घालायचा आणि गळलेल्या बियांचं छोटं पाकीट कागदाच्या कोपऱ्यात डकवायचं. खळ ती घरून शिजवून आणायची. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं.

मॅडमला हवी होती निळी शेंगवेल. दालनात ज्यांची तसबीर लावली होती, त्या नामवंत वनस्पतिशोधकांनी ती साठ वर्षांपूर्वी एका दरीत शोधली होती. पुढे तिथे धरण झालं, दरी बुडाली आणि वेलही. जगात उरले ते पाच कागद; त्यांवरच्या फांद्या एकतीस वर्षांपूर्वी त्या शोधकांच्या घरच्या गठ्ठ्यातून इथे आल्या होत्या.

"शेंगांच्या बियांचं कवच चिवट असतं. साठ वर्षं सहज तग धरतात," मॅडम म्हणाली. "पण आपणच त्यांना मारलंय. कीड लागू नये म्हणून चिकटवण्याआधी प्रत्येक फांदी विषात बुडवतो ना! चार कागद झाले. पाचवा बुडवलेलाच, नोंदवहीत खूण आहे. त्याचं पाकीट कशाला फोडायचं? उद्या मोठ्या साहेबांना सांगते, काम बंद."

मावशीचा कुंचला हवेतच थांबला.

पाचवी फांदी विषात बुडालीच नव्हती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात घाईघाईत ती तशीच चिकटवली गेली. लक्षात आलं तेव्हा खळ वाळली होती. नोकरी तर कच्ची! 'विषात बुडवले' या रकान्यात तिने खूण केली आणि खाली सही ठोकली. तेव्हापासून दर महिन्याला ती भिंग घेऊन तो कागद पाकिटासकट तपासत आली होती. एकदा देठाशी अळी दिसली. टाक्याच्या सुईने तिने ती अलगद काढली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो दोरीवरचे कपडे काढत होता.

"अगं, दीड महिन्यावर निवृत्ती आलीय तुझी. आता कशाला खाजवून खरूज काढतेस?"

"अहो, त्या बिया जिवंत असतील."

"आणि नसल्या तर? बियाही जातील नि अब्रूही."

"मग निदान पेरून तरी जातील."

त्याने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "बघ बाई. मी कुठं तुझ्याशी जिंकलोय आजवर!"

सकाळी साहेबांसमोर मॅडम अहवाल वाचत होती. मावशी दार ढकलून आत गेली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकतीस वर्षं खोटी नोंद?"

"हो साहेब. चूक केली, वर ती लपवली. शिक्षा द्यायची ती द्या. पण ते पाकीट फोडा."

"विष नाही, तर इतक्या वर्षांत किडीनं कसं खाल्लं नाही?"

"मी खाऊ दिलं नाही."

मॅडमच्या हातातला अहवाल खाली आला. साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लेखी द्या. आणि मॅडम, तुम्ही माती तयार करा."

पाकिटात सात बिया निघाल्या. आत पाणी शिरावं म्हणून त्यांचं कवच पॉलिश पेपरवर घासून पातळ करायचं होतं. मॅडमच्या चिमट्यातून पहिलीच बी दोनदा निसटली.

"द्या इकडे," मावशी म्हणाली. "तुम्ही नुसतं कुठं थांबायचं ते सांगा."

नवव्या दिवशी काचगृहातून मॅडमची किंकाळी आली. साप निघाला असं समजून पहारेकरी काठी घेऊन धावला. मावशी पोहोचली तेव्हा मॅडम जमिनीवर फतकल मारून रडत, हसत होती. मातीत पाठ वाकवून एक कोंब उभा होता. आठवड्याभरात आणखी दोन आले.

मावशीच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेब काचगृहात आले. त्यांच्या बगलेत ती जुनी नोंदवही होती, जी कधी कपाटाबाहेर निघत नसे. त्यांनी पाचव्या कागदाची ओळ काढली, एकतीस वर्षांपूर्वीची खूण लाल शाईने खोडली आणि शेजारी लिहिलं, 'बुडवले नाही'.

"इथं सही करा."

"शिक्षा म्हणून?"

"नाही हो. वेल परत कशी आली, ते उद्या कुणीही विचारेल. त्याचं उत्तर या ओळीत आहे. त्याखाली माझी सही शोभायची नाही."

मावशीने पूर्ण नाव लिहून सही केली. मॅडमने वाकून ते वाचलं. "किती छान नाव आहे तुमचं!"

"वापरलं नाही ना फारसं," मावशी म्हणाली. "नवंच राहिलं."

सर्वांत थोरल्या वेलीचा शेंडा कुंडीबाहेर हवेत चाचपडत होता. मावशीने पिशवीतून आपला खळीचा कुंचला काढला. त्याचे केस झिजून गेले होते, पण दांडा शाबूत होता. तिने तो मातीत उभा रोवला आणि शेंडा अलगद त्याच्याकडे वळवला.

ती निरोप घेऊन दुपारी निघाली, तेव्हा वेलीने दांड्याला पहिला वेढा घातला होता.