माझ्या पोटातला अर्धा मासा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. कधीकाळी पांढरा होतो, आता पिवळा पडलोय. अन्न तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मी भिंतीला पाठ लावून बसलेला असतो. माझ्या झाकणाला कडी आहे, कडीला कुलूप आहे आणि किल्ली साहेबांच्या खिशात आहे. मी तुरुंग आहे की कैदी, हे मला अजून उमगलेलं नाही.

नवा आलो तेव्हा साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्यानंतर त्यांचा हात मला लागला तो फक्त कुलूप ओढून बघण्यापुरता.

तळ्यांत पाळलेल्या माशांचे नमुने इथे येतात. प्रत्येक माशाचे दोन भाग होतात. एक तपासायला जातो, दुसरा सील लावून माझ्या पोटात येतो. पुढेमागे शंका निघाली, तर हा अर्धा मासाच साक्षीदार.

माशांना बुरशी लागू नये म्हणून काही तळेवाले पाण्यात हिरवा रंग ओततात. कापड रंगवायचा रंग! खाणाऱ्याला घातक, म्हणून त्यावर बंदी आहे. पण हा रंग मोठा लबाड. माशाच्या अंगात शिरला की हिरवेपणा टाकून देतो आणि बिनरंगी होऊन मांसात दडून बसतो.

साहेब मात्र फक्त हिरवा रंग शोधायला लावत. एकदा एका तळ्याच्या माशावरून तपासनीस ताई अडून बसल्या.

"हिरवं सापडलं का?"

"नाही. पण साहेब, बिनरंगी रूपही शोधायला हवं. चोरानं सदरा बदलला म्हणून तो साव होतो का?"

"मला शिकवू नका. 'आढळले नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा."

ताईंनी लिहिलं नाही. त्यांनी थेट वर अर्ज केला. मोठ्या प्रयोगशाळेचा माणूस सोमवारी माझ्यातला अर्धा मासा न्यायला येणार, असं ठरलं. बुधवारी त्या तळ्यात जाळं पडणार होतं आणि मासे मुलींच्या वसतिगृहात जाणार होते. हे ऐकून फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात थांबला.

"ताई, माझी नात तिथंच जेवते हो."

शुक्रवारी सगळे घरी निघाल्यावर साहेब मागच्या खोलीत आले. फोनवर तळेवाल्याला म्हणाले, "काळजी सोडा. नासक्या माशाची कोण तपासणी करतंय?" आणि त्यांनी माझा प्लग उपटला. पुढे दोन दिवस सुट्टी.

माझी घरघर थांबली. मित्रांनो, ती घरघर हाच माझा आवाज. तोही गेला. शनिवारी कडेचा बर्फ सुटला. रविवारी तळाच्या भोकातून पाणी ठिबकू लागलं. पोटात एकुलता एक साक्षीदार आणि मी त्याला नुसता कवटाळून बसलेलो. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत.

सोमवारी मावशी आधी आल्या. फरशीवर पाण्याचं थारोळं बघून त्यांनी कपाळावर हात मारला. प्लग खोचत म्हणाल्या, "मेल्या, आज तरी दगा देऊ नकोस रे!"

पाहुणा आला. साहेबांनी हसत किल्ली दिली. "न्या, न्या. नाकाला रुमाल लावा म्हणजे झालं."

त्यानं झाकण उघडलं, मधोमध दाटीत ठेवलेला ताईंचा मासा काढला, अंगठ्यानं दाबला.

"अहो, दगड आहे हा!"

मावशी फडक्यात तोंड लपवून हसल्या. साहेबांचा रुमाल हातातच राहिला.

कारण सांगतो. चार वर्षांत साहेबांनी माझ्यातला बर्फ एकदाही काढला नव्हता. वीतभर थर साचला होता. मुदत संपलेले नमुनेही फेकले नव्हते. त्या बर्फानं, त्या गर्दीनं आणि खुद्द त्यांच्याच कुलपानं गारवा धरून ठेवला. आळसानं आळशाचाच गळा धरला.

बिनरंगी विष सापडलं. बुधवारी जाळं पडलं नाही. मावशींची नात त्या दिवशी डाळभातावर भागवून मोकळी झाली.

पण मित्रांनो, यावरून हेळसांड चांगली, असा धडा घेऊ नका. नशीब एकदाच दार ठोठावतं. माझ्या झाकणाचं रबर फाटलंय, ते बदला. माझा बर्फ वेळेवर काढा. आणि किल्ली कोणाच्या खिशात आहे, तेवढं बघत जा. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत.

माझ्या पोटात अजून एकशे बारा अर्धे मासे आहेत. सगळ्यांच्या कागदावर 'आढळले नाही' लिहिलंय. त्यांच्यासाठी कोणी अर्ज केला नाही.